मुका आजार, बोलता रुग्ण : मूत्रपिंडाचा कर्करोग आणि होमिओपॅथी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी भरते, त्या गुरुजींनी याच गावात आयुष्यभर विज्ञान शिकवले. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषय लोकांच्या उपयोगाचा हवा आणि मांडणी पुराव्यानिशी हवी. त्यामुळे मला विषय शोधावा लागला नाही. मूत्ररोगांचा शल्यचिकित्सक म्हणून काम करताना जो प्रश्न मला वारंवार विचारला जातो, तोच आज तुमच्यापुढे ठेवतो. ‘डॉक्टर, किडनीत गाठ निघाली आहे. ऑपरेशन न करता होमिओपॅथीवर राहिलो तर चालेल का?’

हा प्रश्न विचारणारे लोक अडाणी नसतात. त्यांत शिक्षक असतात, बँकेतून निवृत्त झालेले असतात, चार एकर ऊस सांभाळणारे शेतकरी असतात. त्यांच्या घरात साबुदाण्याच्या गोळ्यांची बाटली वर्षानुवर्षे असते. मुलांची सर्दी, सुनेचे पित्त, आजोबांची खाज, सगळ्याला ती पुरलेली असते. त्या गोळ्या देणारा होमिओपॅथ घरच्यासारखा झालेला असतो. अशा माणसाला ‘हे थोतांड आहे’ एवढे सांगून वाटेला लावणे मला योग्य वाटत नाही. त्याला पूर्ण उत्तर मिळाले पाहिजे.

उत्तर आधी सांगतो, कारणे मागाहून. नाही, चालणार नाही. किडनीच्या कर्करोगाची गाठ होमिओपॅथीच्या औषधाने विरघळत नाही आणि तिची वाढ थांबत नाही. पण उत्तर इथे संपत नाही. तो रुग्ण होमिओपॅथकडे ज्या कारणासाठी जातो, ते कारण खरे आहे. त्याची दखल आम्ही घेतली नाही, तर आमचे बरोबर उत्तरही त्याच्या कामाला येत नाही.

न बोलणारा आजार

मूत्रपिंडे पोटाच्या मागच्या बाजूला, बरगड्यांच्या आडोशाला असतात. आकाराने मुठीएवढी, भोवती चरबीचे वेष्टण. तिथे गाठ वाढू लागली तरी तिचा धक्का कशाला लागत नाही. जुन्या पाठ्यपुस्तकांत या कर्करोगाची तीन लक्षणे दिलेली असत : लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारी गाठ. आज ही तिन्ही एकत्र दिसणारे रुग्ण शंभरात दहासुद्धा नसतात, आणि दिसतात तेव्हा आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो. आता निम्म्याहून अधिक रुग्णांत गाठ योगायोगाने सापडते. पित्ताशयातल्या खड्यासाठी सोनोग्राफी केली, विम्यासाठी तपासणी केली, प्रोस्टेट बघायला गेलो, आणि रिपोर्टात किडनीवरच्या गाठीचा उल्लेख आला. माणूस धडधाकट असतो. दुखत नाही, खुपत नाही, भूक उत्तम.

कधी कधी हा आजार बोलतो, पण भलत्याच ठिकाणाहून. कारण सापडत नाही असा ताप येतो. वजन उतरते. रक्त कमी होते, तर काहींच्या बाबतीत उलट लाल पेशी गरजेपेक्षा वाढतात. रक्तदाब चढतो, कॅल्शियम वाढते. रुग्ण महिनोन्महिने वेगवेगळ्या दवाखान्यांत फिरतो आणि किडनीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

आणि लघवीतून रक्त आले, तरी ते एकदा येते आणि आपोआप थांबते. आजच्या व्याख्यानातला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. एक उदाहरण सांगतो. साताऱ्याकडचे एक निवृत्त शिक्षक. एका सकाळी लघवी लालभडक झाली. दुखले मुळीच नाही. पूर्वी त्यांना मुतखडा झाला होता, म्हणून हाही खडाच असे घरात ठरले. बर्बेरिस व्हल्गॅरिस या होमिओपॅथीच्या औषधाचे थेंब अर्ध्या कप पाण्यातून सुरू झाले. तिसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ. औषध लागू पडले याबद्दल कोणालाच शंका उरली नाही. पुढे दोनदा तसेच झाले, दोन्ही वेळा थेंबांनी ‘गुण’ आला. अखेर एका रात्री रक्ताच्या गुठळीने लघवी अडली, तेव्हा सोनोग्राफी झाली. गाठ नऊ सेंटिमीटरची होती आणि किडनीच्या शिरेत शिरली होती. किडनीचा कर्करोग शिरेतून पुढे सरकतो, थेट मोठ्या नीलेत आणि क्वचित हृदयापर्यंत पोहोचतो. हे या आजाराचे खास लक्षण आहे. पहिल्या वेळी साधी सोनोग्राफी झाली असती, तर शस्त्रक्रिया बरीच लहान झाली असती.

त्या थेंबांनी सरांना विषबाधा झाली नाही. थेंबांनी काहीच केले नाही. रक्त येणे आणि थांबणे हा त्या गाठीचा स्वभाव होता. त्या आठवड्यात जे औषध चालू होते, श्रेय त्याला मिळाले. थेंबांऐवजी जवाचे पाणी घेतले असते, तर ते जवाला मिळाले असते.

लक्षणांवर उभे राहिलेले शास्त्र

आता होमिओपॅथीकडे वळू आणि तिच्या जनकाला न्याय देऊन बोलू. सॅम्युएल हानेमान यांचा जन्म 1755 मध्ये जर्मनीतल्या माइसेन इथे झाला. 1790 मध्ये विल्यम कलेन या स्कॉटिश वैद्याच्या ग्रंथाचे भाषांतर करताना सिंकोनाच्या सालीविषयीचे त्याचे स्पष्टीकरण त्यांना पटले नाही. त्यांनी ती साल स्वतः घेतली आणि आपल्याला हिवतापासारखी लक्षणे जाणवल्याची नोंद केली. निरोगी माणसात जो पदार्थ जी लक्षणे निर्माण करतो, तो आजाऱ्यातली तशीच लक्षणे बरी करतो, हे तत्त्व त्यांनी 1796 मध्ये मांडले. 1810 मध्ये ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ आला. त्या काळचे वैद्य रुग्णाचे रक्त काढत, पाऱ्याची औषधे देत, जुलाबांनी त्याला आधीच अर्धमेला करत. त्यांच्या तुलनेत हानेमान यांचा रुग्ण निदान उपचाराने मरत नसे. 1854 च्या लंडनमधल्या पटकीच्या साथीत तिथल्या होमिओपॅथी रुग्णालयातले मृत्यूचे प्रमाण इतर रुग्णालयांपेक्षा कमी होते, त्याचे मोठे कारण हेच.

‘ऑर्गेनॉन’चा गाभा असा : आजाराविषयी वैद्याला जे काही कळू शकते ते लक्षणांच्या समुच्चयातूनच कळते, सगळी लक्षणे नाहीशी झाली की आजार नाहीसा झाला. 1810 साली हे म्हणणे अवाजवी नव्हते. कर्करोग हा पेशींचा आजार आहे हे सांगणारा रुडॉल्फ फिर्खो यांचा ग्रंथ आला 1858 मध्ये. क्ष-किरण सापडले 1895 मध्ये. सीटी स्कॅन आला 1971 मध्ये. जिवंत माणसाच्या पोटात बघण्याचा कोणताही मार्ग नव्हता, तेव्हा लक्षणांवर विसंबण्याला पर्याय नव्हता.

पण आता किडनीची गाठ त्या चौकटीत बसवून पाहा. जो आजार निम्म्याहून अधिक लोकांत एकही लक्षण दाखवत नाही, त्याच्यासाठी लक्षणांवरून औषध निवडणार कसे? होमिओपॅथ रुग्णाला विचारतो, तहान किती लागते, गोड आवडते की खारट, झोप कोणत्या कुशीवर लागते, भीती कशाची वाटते. मिळालेल्या उत्तरांवरून लायकोपोडियम किंवा फॉस्फरस निवडतो. ही सगळी लक्षणे रुग्णाची आहेत. गाठीची त्यांत एकही नाही. औषधानंतर झोप सुधारली, भूक लागली, मन शांत झाले, तरी त्यावरून गाठीबद्दल काहीच अनुमान काढता येत नाही. किडनीच्या कर्करोगात होमिओपॅथी का चालत नाही, याचे माझ्या मते हे सर्वांत मूलभूत कारण आहे. जी पद्धत ऐकण्यावर उभी आहे, तिच्यापुढे न बोलणारा आजार आला आहे.

दुसरे कारण मात्रेचे. 30 सी पोटेन्सी म्हणजे औषधाचा एक भाग नव्याण्णव भाग द्रवात मिसळायचा, घुसळायचा, त्यातला एक भाग पुन्हा नव्याण्णवात, असे तीस वेळा. मूळ पदार्थ एकावर साठ शून्ये इतक्या पटींनी विरळ होतो. पदार्थातल्या रेणूंची संख्या अमर्याद नसते; बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ औषधाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता संपते. 30 सी च्या पाण्यात मूळ पदार्थाचा एक रेणू मिळवायचा, तर सूर्याच्या वजनाच्या हजारो पट पाणी प्यावे लागेल. हानेमान यांच्या उमेदीच्या काळात हे गणित कोणाला करता येत नव्हते. आज ते अकरावीचा विद्यार्थी करतो.

किडनीच्या पेशीत काय बिघडते

याच्या शेजारी आधुनिक वैद्यक या आजारापर्यंत कसे पोहोचले ते ठेवतो. 1869 मध्ये हायडेलबर्गला गुस्टाव्ह सायमन यांनी ठरवून किडनी काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. ती कर्करोगासाठी नव्हती, मूत्रनलिकेच्या एका दुखण्यासाठी होती. एका किडनीवर माणूस जगेल का, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले, खात्री करून घेतली आणि मग सुरी हातात घेतली. रुग्ण स्त्री वाचली. आज एक किडनी दान करून निरोगी आयुष्य जगणारे हजारो लोक आहेत, त्यांच्यामागे ही खात्री उभी आहे.

पुढचा टप्पा पेशीच्या आतला. किडनीच्या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे क्लिअर सेल. त्यात बहुधा व्हीएचएल नावाचे जनुक बिघडलेले असते. हे जनुक 1993 मध्ये सापडले. निरोगी पेशीत ते प्राणवायूचा हिशेब ठेवायला मदत करते. ते निकामी झाले की भोवती भरपूर प्राणवायू असूनही पेशीला वाटते, आपण गुदमरतो आहोत. मग ती नव्या रक्तवाहिन्या मागवण्याचे संदेश पाठवत सुटते. गाठ रक्तवाहिन्यांनी गच्च भरते, म्हणून तिच्यातून रक्त येते. लाल पेशी वाढवणारा संदेशही याच गडबडीत सुटू शकतो, म्हणून काहींचे हिमोग्लोबिन चढते. पेशी प्राणवायू कसा ओळखते याचा उलगडा करणारे विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना 2019 चे नोबेल मिळाले. नव्या रक्तवाहिन्यांचा तो संदेश अडवणाऱ्या गोळ्या, सोराफेनिब आणि सुनिटिनिब, 2005 आणि 2006 मध्ये अमेरिकेत मंजूर झाल्या. 2015 पासून रोगप्रतिकारक पेशींचा लगाम सोडवणारी निव्होल्युमॅबसारखी इम्युनोथेरपी आली.

या औषधांची मी भलावण करत नाही. आजार फुप्फुसांत, हाडांत पसरलेला असेल तर त्यांनी बहुतेकांचा आजार मुळातून जात नाही. हातापायांची कातडी सोलवटते, तोंड येते, रक्तदाब वाढतो, थकवा येतो. पण आयुष्य वाढते, काहींचे कित्येक वर्षांनी वाढते, आणि किती जणांचे किती वाढते हे मोजलेले आहे. गाठ किडनीपुरती मर्यादित असताना शस्त्रक्रिया झाली, तर पाच वर्षांनी दहांतले नऊ रुग्ण हयात असतात. पोटातल्या फार थोड्या कर्करोगांत असे यश मिळते. हीच संधी हातची जाऊ नये, एवढ्यासाठी मी आज उभा आहे.

भीतीचे खरे-खोटे

मग माणसे ही संधी का सोडतात? भीतीमुळे. पहिली भीती केमोची. ‘केस जातात, उलट्या होतात, माणूस खंगतो, त्यापेक्षा गोळ्या बऱ्या.’ श्रोतेहो, किडनीच्या नेहमीच्या कर्करोगावर नेहमीची केमोथेरपी फारशी चालतच नाही, म्हणून ती सहसा दिली जात नाही. ज्या उपचाराला घाबरून रुग्ण पळतो, तो त्याला कोणी सुचवलेलाच नसतो. हे त्याला पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

दुसरी भीती, ‘चाकू लावला की पसरतो.’ ही समजूत गावोगाव आहे आणि ती कुठून आली तेही समजू शकते. आजार आतून पसरलेला असताना ऑपरेशन झालेला शेजारी सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण गाठ काढायला उशीर झाल्याने आजार पसरतो. वेळेवर काढल्याने पसरत नाही. तिसरी भीती, एका किडनीवर कसे भागणार. दुसरी किडनी चांगली असेल तर भागते. शिवाय गाठ चार सेंटिमीटरपर्यंत असेल, तर बहुतेकदा तेवढी गाठ काढून उरलेली किडनी वाचवता येते, अनेक ठिकाणी दुर्बिणीतूनसुद्धा.

चौथी भीती पैशाची, आणि ती खरी आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. रुग्णालय योजनेत आहे का, हे आधी विचारावे. मुंबईत टाटा रुग्णालयात येणाऱ्या गरीब रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी आसरा मिळतो. इम्युनोथेरपीचा खर्च मात्र आजही सामान्य घराला झेपत नाही. त्यावर उत्तर शोधण्याचे काम मुंबईतच झाले आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगात, तोंडावाटे द्यायच्या औषधांच्या जोडीला निव्होल्युमॅबची फक्त 20 मिलिग्रॅमची मात्रा देऊन पाहिली. नेहमीची मात्रा याच्या कितीतरी पट असते. वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेले. तो निष्कर्ष किडनीला जसाच्या तसा लावता येत नाही. पण यातून एक गोष्ट स्पष्ट होते. लहान मात्रेला विज्ञानाचा विरोध नाही. ती मात्रा रुग्णांच्या दोन गटांत तोलून दाखवावी, एवढीच विज्ञानाची मागणी आहे.

‘गोळ्यांनी गाठ गेली’

इथे सभागृहातले कोणीतरी मनात म्हणत असेल, ‘पण आमच्या माहितीतल्या एकाची गेली ना!’ अशा गोष्टी खोट्या असतात असे मी म्हणत नाही. त्या कशा घडतात ते पाहू.

किडनीत साधी पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट, चाळिशी-पन्नाशीनंतर सर्रास आढळते. ती कर्करोग नसते. लहान घन गाठींतल्याही साधारण पाचांतली एक निरुपद्रवी निघते. म्हणून गाठ गेली किंवा वाढली नाही असे कोणी सांगितले, तर आधी विचारावे की ती होती कसली. रिपोर्ट कुठे आहे?

दुसरे, खऱ्या कर्करोगाच्या लहान गाठीसुद्धा पुष्कळदा फार सावकाश वाढतात, वर्षाला सरासरी तीन मिलिमीटरच्या आसपास. वर्षभर गोळ्या घेतल्या आणि सोनोग्राफीत फरक दिसला नाही, तर श्रेय गोळ्यांना जाते; वस्तुतः गाठ तिच्या गतीने चाललेली असते. याच कारणाने वयस्क आणि हृदयविकाराच्या रुग्णांत आम्हीही लहान गाठीवर कधी कधी लगेच शस्त्रक्रिया करत नाही. ठरावीक अंतराने स्कॅन करून लक्ष ठेवतो. ज्या आजोबांना ऑपरेशन नकोच आहे, त्यांच्यासाठी हा पर्याय खुला आहे, आणि त्यासाठी होमिओपॅथीचा आडोसा घ्यावा लागत नाही.

तिसरे सर्वांत विलक्षण. पसरलेल्या किडनीच्या कर्करोगात फुप्फुसातल्या गाठी फार क्वचित आपोआप ओसरतात. कॅनडात इंटरफेरॉन गॅमा या औषधाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना औषध दिले, निम्म्यांना औषधासारखीच दिसणारी निर्गुण सुई. औषध घेणाऱ्यांपैकी 4.4 टक्के लोकांच्या गाठी आकसल्या. निर्गुण सुई घेणाऱ्यांपैकी 6.6 टक्के लोकांच्या. तुलनेचा गट नसता, तर त्या 4.4 टक्क्यांच्या बळावर हे औषध गुणकारी म्हणून जगभर विकले गेले असते. आधुनिक वैद्यकाने स्वतःच्या औषधाला ही कसोटी लावली आणि ते नापास झाले, तेव्हा तसे छापले. होमिओपॅथीच्या एकेकट्या यशोगाथेला हीच कसोटी लावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

मोठ्या प्रमाणावर तपासणी झालेलीच नाही असेही नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने 2015 मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले; कोणत्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा तिला मिळाला नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आणि आतड्याच्या न पसरलेल्या कर्करोगाचे रुग्ण पाहिले. प्रस्थापित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. त्यात किडनीचे रुग्ण नव्हते आणि पर्यायी उपचारही नाना प्रकारचे होते, पण वेळ गेल्यावर काय होते ते त्यातून कळते. आपल्याकडे तर 1954 च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीलाच बंदी आहे. भिंतीवर, मोबाइलवर अशी जाहिरात दिसली, तर ती करणारा कायदा मोडतो आहे हे ध्यानात ठेवा.

महेंद्रलाल सरकार यांची आठवण

भारतात होमिओपॅथीला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत कोलकात्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार अग्रणी होते. ते कोलकाता विद्यापीठाचे एम. डी. होते. 1867 मध्ये त्यांनी उघडपणे होमिओपॅथी स्वीकारली आणि त्यासाठी सहकाऱ्यांचा रोष पत्करला. याच माणसाने 1876 मध्ये भारतीय विज्ञान संवर्धनासाठी कोलकात्यात इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स स्थापन केली. पुढे याच संस्थेत सी. व्ही. रामन यांनी 1928 मध्ये आपला जगप्रसिद्ध शोध लावला.

1885 मध्ये रामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला, तेव्हा डॉ. सरकार त्यांचे वैद्य होते. ते येत, औषध देत आणि तासन्‌तास बसून बोलत. 16 ऑगस्ट 1886 रोजी परमहंसांनी देह ठेवला. डॉ. सरकारांना याचा दोष देता येणार नाही, कारण त्या आजारावर तेव्हा कोणाकडेच इलाज नव्हता. रुग्णाजवळ बसणे हाच सर्वांत मोठा उपचार होता आणि तो त्यांनी मनापासून केला. आज फरक असा पडला आहे की किडनीच्या कर्करोगावर इलाज आहे. तो असताना 1885 सालचाच उपचार देणे हा डॉ. सरकारांच्या विज्ञाननिष्ठेचाही अपमान ठरेल.

त्यांचे ते बसणे मात्र आम्ही घालवले आहे. होमिओपॅथ पहिल्या भेटीत तासभर देतो. रुग्ण वडिलांच्या मृत्यूबद्दल बोलतो, मुलीच्या लग्नाच्या काळजीबद्दल बोलतो, रात्री तीनला जाग येते ते सांगतो. आमच्या ओपीडीत बाहेर साठ माणसे असतात. फिल्म दिव्यावर धरायची, ‘किडनी काढावी लागेल, अमुक तारखेला या’ म्हणायचे आणि पुढचा नंबर पुकारायचा. आजार मुका असला तरी रुग्ण मुका नसतो. त्याला बोलायचे असते. त्याचे ऐकणारा माणूस जिथे भेटेल तिथे तो जाणार.

आता काय करावे

म्हणून तीन ठिकाणी तीन विनंत्या.

पहिली, होमिओपॅथी करणाऱ्या माझ्या मित्रांना. एका तालुक्याच्या गावात एक होमिओपॅथ डॉक्टरबाई आहेत. त्यांच्याकडून येणाऱ्या चिठ्ठ्या मी जपून ठेवतो. ‘वय 58. तंबाखू. लघवीतून रक्त, वेदना नाही. औषध दिलेले नाही. आधी सोनोग्राफी करावी.’ एवढ्या चार ओळींनी माणसे वाचतात. आपल्याकडे रुग्ण आमच्याआधी येतो आणि आपल्यावर त्याचा विश्वास असतो. तो विश्वास त्याला लवकर स्कॅनपर्यंत नेण्यासाठी वापरा. शस्त्रक्रियेनंतरही तो आपल्याकडे येत राहील. त्याला कोणी अडवत नाही.

दुसरी विनंती माझ्या व्यवसायबंधूंना. गाठीची बातमी उभ्या उभ्या सांगू नका. नातेवाइकांसह बसवा. केमो लागत नाही हे सांगा, दुसरी किडनी कशी आहे ते दाखवा, लहान गाठ असेल तर थांबण्याचा पर्याय आहे का ते मोकळेपणी बोला. घरात कोणत्या बाटल्या चालू आहेत हे न रागावता विचारा. रागावलात तर रुग्ण त्या लपवून घेईल. 30 किंवा 200 पोटेन्सीच्या गोळ्यांनी शस्त्रक्रियेत अडचण येणार नाही. मदर टिंक्चर (विरळ न केलेला मूळ अर्क), काढे, भस्मे, अनोळखी चूर्णे यांत मात्र प्रत्यक्ष पदार्थ असतो. एकच किडनी उरलेल्या किंवा सुनिटिनिबसारख्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णाने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच. आणि आजार हाताबाहेर गेला असेल तर ‘आता काही करण्यासारखे नाही’ हे वाक्य उच्चारू नका. हाडात पसरलेल्या गाठीची वेदना किरणोपचाराच्या एकाच बैठकीने पुष्कळदा कमी होते. मॉर्फिन आहे, दुखणे हलके करणारी उपशामक सेवा आहे. वांद्र्याचे शांती अवेदना सदन 1986 पासून हेच काम करते आहे. त्या टप्प्यावर रुग्णाला सोबत त्याच्या साखरेच्या गोळ्या हव्या असतील तर खुशाल घेऊ द्याव्यात, पण त्यांच्यासाठी मॉर्फिन थांबवू नये.

तिसरी विनंती तुम्हा सर्वांना. लघवीत एकदा जरी रक्त दिसले, दुखले नसले, दुसऱ्या दिवशी थांबले असले, तरी सोनोग्राफी करून घ्या. चाळिशी उलटलेल्यांनी आणि तंबाखू-सिगारेट घेणाऱ्यांनी एक दिवसही टाळू नये. धूम्रपान, वाढलेले वजन आणि उच्च रक्तदाब या तिन्हींनी या कर्करोगाचा धोका वाढतो. तिन्ही आपल्या आवाक्यातल्या गोष्टी आहेत. गाठ निघाली तर रिपोर्ट स्वतःजवळ ठेवा आणि तिचे माप सेंटिमीटरमध्ये विचारून घ्या. कोणत्याही पद्धतीचा डॉक्टर ‘मी ही घालवतो’ म्हणाला, तर त्याला विचारा : कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या स्कॅनवर, किती कमी झालेली दिसेल, आणि नाही दिसली तर आपण मला कुठे पाठवाल? ज्याला या प्रश्नांचा राग येतो, त्याच्या हाती आपली किडनी देऊ नका.

आणि आमच्यासारख्या सर्जनकडे याल तेव्हा घाईघाईने उठू नका. शंका लिहून आणा, उत्तर मिळेपर्यंत बसून राहा. गाठीवर योग्य उपचार आणि माणसाचे नीट ऐकून घेणे, या दोन्ही गोष्टी एकाच दवाखान्यात मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्यांतल्या एकीसाठी दुसरी सोडण्याची पाळी त्याच्यावर येता कामा नये. हा हक्क मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा.